ज्वारीच्या दाण्याएवढ्या बाळात पिट्युटरी कशी घडते

सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, उंची ८४ सेंटिमीटर, बालवाडीत सगळ्यांत लहान दिसतो. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी त्याची साखर खाली गेली होती आणि कावीळ महिनाभर रेंगाळली होती. आता एमआरआय झाला. रिपोर्टात लिहिलंय की पिट्युटरीचा पुढचा भाग लहान आहे, देठ दिसत नाही आणि मागचा भाग आपल्या जागी नसून वर आहे. ‘हे पोटात असतानाच, मेंदूच्या बाजूने झालंय,’ एवढंच डॉक्टर म्हणाले. सासूबाई म्हणतात, दिवाळीतल्या ग्रहणात हिने भाजी चिरली. नवरा म्हणतो, बाळ पायाळू होतं, बाळंतपणात ओढलं म्हणून देठ तुटला. ताई विचारतात: पोटातल्या बाळाचा मेंदू आणि ही ग्रंथी यांचा नेमका संबंध काय? माझं काय चुकलं? आणि पुढच्या बाळाला हे होईल का?

ताई, आधी तारखा मांडू. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्यांतच आहे.

बाळ गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारी २०२३ मध्ये, पूर्ण दिवसांचं झालं असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे गर्भ राहिला तो एप्रिल २०२२च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पाळी चुकली ती मेच्या पहिल्या आठवड्यात. पिट्युटरीची पायाभरणी गर्भ राहिल्यापासून साधारण चौथ्या आठवड्यात होते, म्हणजे तुमच्या बाबतीत मेच्या मध्यावर. सोलापूर उन्हाने तापलेलं असताना, पाळी चुकून जेमतेम दहा-पंधरा दिवस झालेले असताना, बाळ जेव्हा चार-पाच मिलिमीटरचं, मालदांडी ज्वारीच्या एका दाण्याएवढं होतं, तेव्हा ही ग्रंथी घडायला लागली. दिवाळीतलं ते खंडग्रास सूर्यग्रहण २५ ऑक्टोबरला होतं, म्हणजे त्यानंतर पाच महिन्यांहून अधिक काळाने. ग्रहणाने गर्भात व्यंग येतं याला कसलाही आधार नाही. पण ज्यांचा त्यावर विश्वास आहे त्यांच्यासाठीसुद्धा तारखा जुळत नाहीत. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. त्यांनाही नातवाचं कारण हवंय, म्हणूनच त्या ते शोधतायत.

आता ग्रंथीकडे वळू. पिट्युटरी म्हणजे पाठ्यपुस्तकातली पीयूषिका ग्रंथी. मोठ्या माणसात ती हरभऱ्याएवढी, वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम असते. मेंदूच्या तळाशी हाडात एक खोलगट बैठक असते, खोगिरासारखी. त्या बैठकीत ती मेंदूला देठाने लटकलेली असते. उंची, थायरॉइड, ताण सोसायची ताकद, वयात येणं, अंगावरचं दूध, लघवीतलं पाणी राखणं, सगळ्याचे हुकूम तिच्यातून सुटतात.

एकच ग्रंथी दिसत असली तरी ती दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या दोन तुकड्यांची बनलेली आहे. मागचा भाग मेंदूचाच. मेंदूच्या तळातून नरसाळ्यासारखी एक घडी खाली उतरते, तिचा देठ होतो आणि टोकाला मागचा भाग. पुढचा भाग मात्र तोंडाच्या छताकडून येतो. जिथे पुढे टाळू होणार, तिथल्या पातळ अस्तराला वरच्या दिशेने एक खिसा पडतो. मार्टिन हाइन्रिश राथके या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला आजही राथकेचा खिसा म्हणतात. खालून खिसा वर जातो, वरून नरसाळं खाली येतं, दोन्ही एकमेकांना चिकटतात. मग खिशाचा तोंडाशी असलेला धागा तुटतो, मध्ये हाड तयार होतं, आणि तोंडातून निघालेला तुकडा कायमचा मेंदूच्या पदरात जातो.

बालरोगाकडे वळण्याआधी मी दोन वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवत होते. मुलांना हा भाग फळ्यावर काढून दाखवताना मला दरवेळी वाटायचं की यातली सर्वांत विलक्षण गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकली जाते: एवढ्या लहान गर्भात तोंडाचं छत आणि मेंदूचा तळ यांच्या मध्ये त्या एका जागी दुसरं काहीच नसतं. इतरत्र मध्ये भरीव पेशींचा थर असतो. इथे दोन पापुद्रे एकमेकांना थेट टेकलेले असतात. ही जवळीक सोय म्हणून नाही. तिच्याशिवाय पिट्युटरी होतच नाही.

कारण खिसा स्वतःहून पडत नाही. त्याला वरून मेंदू सांगतो. मेंदूच्या तळातल्या पेशी काही प्रथिनं बाहेर सोडतात, आणि ती शेजारच्या पापुद्र्यातल्या पेशींना निरोपासारखी लागू पडतात. पहिला निरोप बीएमपी-४ नावाच्या प्रथिनाचा: इथे आत वळायला सुरुवात करा. त्यानंतर एफजीएफ-८ आणि एफजीएफ-१० यांचा: आता वाढा, जगा, थांबू नका. हे दुसरे निरोप मिळाले की खिशातल्या पेशींमध्ये एलएचएक्स-३ हे जनुक जागं होतं, आणि तिथून त्या पेशींना आपण पिट्युटरीच्या आहोत याची ओळख मिळते.

हे फक्त तर्काने मांडलेलं नाही. १९९०च्या दशकात उंदरांवर झालेले प्रयोग मला अजूनही सर्वांत पटणारे वाटतात. एनकेएक्स २.१ नावाचं एक जनुक मेंदूच्या तळात चालतं, राथकेच्या खिशात मात्र चालत नाही. ते काढून टाकलेल्या उंदरांत काय दिसावं? खिशाचं स्वतःचं काहीच बिघडलेलं नाही, बिघाड फक्त मेंदूत. तरीही त्या उंदरांना पिट्युटरी झाली नाही. खिसा पडायला सुरुवात झाली, कारण पहिला निरोप शाबूत होता. पण दुसरा निरोप आलाच नाही, आणि सुरू झालेला खिसा विरून गेला. एफजीएफ-१० नसलेल्या उंदरांतही तसंच: खिसा होतो, मग त्याच्या पेशी मरून जातात. तुमच्या डॉक्टरांचं ‘मेंदूच्या बाजूने झालंय’ हे वाक्य याच अर्थाचं आहे. ग्रंथी बिघडली म्हणजे बिघाड ग्रंथीतच असेल असं नाही.

२०११ मध्ये जपानमधल्या कोबे इथे योशिकी सासाई आणि हिदेताका सुगा यांच्या गटाने याची उलट बाजू दाखवली. त्यांनी उंदराच्या मूळ पेशींचा (ज्या कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकतात) गोळा असा वाढवला की त्यात मेंदूच्या तळासारख्या पेशी आणि तोंडाच्या अस्तरासारख्या पेशी शेजारी-शेजारी तयार व्हाव्यात. बाहेरून कुणी आकार दिला नाही. तरी काचेच्या भांड्यात राथकेचा खिसा आपोआप आत वळला, आणि त्यातून हॉर्मोन करणाऱ्या पेशी झाल्या. त्या पेशी पिट्युटरी काढलेल्या उंदरांत बसवल्या तेव्हा त्यांनी काम केलं. पाच वर्षांनी मानवी मूळ पेशींवरही असंच जमलं. तुमच्या मुलाला आज याचा उपयोग नाही, आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. पण दोन पापुद्र्यांची जवळीक हाच सगळ्याचा गाभा आहे, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतं.

खिसा झाल्यावर मेंदूचं काम संपत नाही. मेंदूला लगटून असलेल्या पेशी निरोपाच्या धारेत असतात, म्हणून त्या विभागत राहतात. थोड्या दूर सरकलेल्या पेशी विभागणं थांबवतात आणि आपापलं काम निवडतात: कुणी वाढीचं हॉर्मोन, कुणी थायरॉइडला हुकूम देणारं, कुणी मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला. प्रॉप-१ आणि पीआयटी-१ ही जनुकं इथे लागतात. पीआयटी-१ बिघडलं तर वाढीचं हॉर्मोन, दूध आणणारं प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडचा हुकूम, तिन्ही एकदम जातात, बाकीचे राहतात. म्हणून कुठली हॉर्मोनं कमी आहेत हे पाहिलं की गडबड कोणत्या टप्प्यावर झाली याचा माग लागतो.

मग प्रश्न असा की पुढच्या महिन्यांत मेंदूची गरज किती? याचं उत्तर निसर्गाने फार दुःखद रीतीने दिलंय. काही बाळांत कवटी आणि वरचा मेंदू तयारच होत नाही. ती बाळं जगत नाहीत. अशा बाळांच्या तपासणीत पिट्युटरीचा पुढचा भाग बहुधा सापडतो, त्यात वाढीच्या हॉर्मोनच्या आणि प्रोलॅक्टिनच्या पेशीही असतात. पण त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी अगदी लहान राहतात, कारण वरून हुकूम पुरेसा येत नाही. म्हणजे सुरुवातीच्या त्या निरोपांनी पेशी घडून जातात, पण घडलेल्या पेशींना कामाला लावायला पुढेही मेंदू लागतोच.

हा पुढचा हुकूम रक्तातून जातो. मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस हा भाग अगदी थेंबाथेंबाने हॉर्मोन सोडतो, आणि देठातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून ते थेट पिट्युटरीत पोचतं. १९३० मध्ये पोपा आणि फील्डिंग यांनी या वाहिन्यांचं वर्णन केलं. १९५२ मध्ये जेफ्री हॅरिस आणि डोरा जेकबसन यांनी पिट्युटरी काढलेल्या उंदरांत दुसरी पिट्युटरी हायपोथॅलॅमसच्या खाली बसवली तेव्हा ती चालू लागली. मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवली तर नाही. पोटातल्या बाळात या वाहिन्यांचं जाळं तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आकार घेऊ लागतं आणि गर्भारपणाच्या मध्यापर्यंत मेंदू-पिट्युटरीचा हा रस्ता वापरायजोगा होतो.

आता तुमच्या मुलाचा एमआरआय पुन्हा वाचू. मागचा भाग खाली खोगिरात उतरायला हवा होता, तो वर मेंदूच्या तळाशीच राहिला. म्हणजे नरसाळं पूर्ण खाली आलंच नाही. देठ नाही किंवा दिसणार नाही इतका बारीक आहे. पुढचा भाग झाला, कारण सुरुवातीचा स्पर्श झाला होता, पण तो लहान राहिला, आणि मेंदूचे हुकूम त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. वर राहिलेला तो भाग एमआरआयमध्ये पांढरा ठिपका होऊन चमकतो, कारण त्यात पाणी राखणारं हॉर्मोन साठलेलं असतं. तो ठिपका दिसतोय ही बरी गोष्ट आहे. जागा चुकली तरी तो भाग आपलं काम करतो, म्हणूनच तुमच्या मुलाला सारखी तहान आणि सारखी लघवी असा त्रास नाही. त्याच्या रक्तात प्रोलॅक्टिन थोडं जास्त आलं तर घाबरू नका. या एका हॉर्मोनला मेंदू एरवी रोखून धरतो. रोखणारा निरोप पोचला नाही की ते जरा वाढतं.

तुमच्या यजमानांच्या शंकेला मी हलकं घेणार नाही, कारण एके काळी डॉक्टरही तेच मानत होते. अशा मुलांत पायाळू बरीच आढळतात, म्हणून बाळंतपणात मान ओढली जाऊन देठ तुटतो असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. पण सिझेरियनने झालेल्या बाळांतही हेच चित्र दिसतं. काहींच्यात सोबत डोळ्यांच्या नसा किंवा मेंदूचा मधला पडदा अपुरा असतो, काहींच्या वरच्या जबड्यात मधोमध एकच दात येतो. या गोष्टी बाळंतपणात होऊच शकत नाहीत. त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्याच. आज आम्ही उलटं मानतो: मेंदू-पिट्युटरीची घडण आधीच वेगळी झालेली असते, आणि असं बाळ पोटात फिरून डोक्यावर यायला कमी पडत असावं. ज्या सिस्टरांनी, डॉक्टरांनी तुमचं बाळंतपण केलं त्यांच्यावरचा राग सोडायला हे कारण पुरेसं आहे.

तुम्ही असंही विचारलंय की पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत का दिसलं नाही. त्या वयात ही ग्रंथी इतकी बारीक असते की नेहमीच्या सोनोग्राफीत तिचा देठ तपासताच येत नाही. आणि बाळ जन्मलं तेव्हा वजन-लांबी ठीक होती, कारण पोटातली वाढ बाळाच्या पिट्युटरीच्या वाढीच्या हॉर्मोनवर फारशी चालत नाही. इन्शुलिन, त्याच्यासारखे वाढीचे घटक आणि वार यांवर चालते. उंची मागे पडायला लागते ती जन्मानंतर, हळूहळू. म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलं नाही यात तुमची हयगय नाही.

खुणा मात्र होत्या, आणि इथे मला आमच्या व्यवसायाबद्दल बोलायचंय. दुसऱ्या दिवशी साखर खाली जाणं आणि कावीळ महिनाभर टिकणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पिट्युटरी आठवायला हवी. मुलगा असेल तर तिसरी खूण: लिंग नीट घडलेलं पण फार लहान, किंवा अंडकोष खाली न उतरलेले. यामागेही मेंदूचंच वेळापत्रक आहे. पहिल्या तीन महिन्यांत मुलाचे अवयव घडतात ते वारेकडून येणाऱ्या हॉर्मोनच्या जोरावर, तिथे पिट्युटरी लागत नाही. पुढच्या महिन्यांत ते वाढतात ते बाळाच्या स्वतःच्या पिट्युटरीच्या हुकमाने. म्हणून घडण नीट, पण वाढ कमी. (ज्या पेशी हा हुकूम सुरू करतात त्या गर्भात नाकाच्या बाजूला जन्मतात आणि चालत मेंदूत जातात. त्यांचा प्रवास अडला तर वयात येणं अडतं आणि वासही येत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.) आपल्याकडे टाचेतून रक्त घेऊन थायरॉइडची तपासणी होते तिथेही बहुधा टीएसएच, म्हणजे पिट्युटरीचा थायरॉइडला असलेला हुकूम, पाहतात. पण इथे टीएसएच वाढतच नाही, कारण ते करणारी ग्रंथीच मंद आहे. अशा बाळाचा टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन, पाहावा लागतो. मी शिकत असताना माझ्यासमोर असं एक बाळ सुटलं होतं, म्हणून हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगते.

आता करायचं काय. उपचारांतला एक क्रम मी तुम्हाला पाठ करायला सांगेन: आधी कॉर्टिसोल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीचं ताण सोसायचं हॉर्मोन, तपासायचं, ते कमी असेल तर त्याच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन सुरू करायचं, आणि त्यानंतरच थायरॉइडची गोळी. उलटं केलं तर थायरॉइडच्या गोळीने शरीराची मागणी वाढते, असलेलं कॉर्टिसोल लवकर संपतं आणि मूल एकाएकी कोसळू शकतं. तुमच्या रिपोर्टांत सकाळचं कॉर्टिसोल आणि फ्री टी-४ दिसत नाही. पुढच्या भेटीत ते नक्की मागा. वाढीच्या हॉर्मोनचं इंजेक्शन सहसा रोज रात्री, त्वचेखाली, बारीक सुईने द्यायचं असतं. ते घरीच आई-बाबा देतात आणि आठवडाभरात हात बसतो. या वयात सुरू केलं तर उंचीत बराच फरक भरून निघतो. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं तर ताप आल्यावर डोस वाढवायचा, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखान्यात इंजेक्शन. ही सूचना कागदावर लिहून घ्या. एक प्रत बालवाडीच्या बाईंकडे द्या, एक नवऱ्याच्या खिशात ठेवा. डोळ्यांची तपासणी एकदा करून घ्या. आज जी हॉर्मोनं पुरेशी आहेत ती पुढे कमी पडू शकतात, म्हणून तपासण्या सुटू देऊ नका. आणि वयात यायच्या काळात लैंगिक हॉर्मोनही द्यावी लागू शकतील, याची मनाची तयारी आत्तापासून असू द्या.

शेवटी पुढच्या बाळाचं. देठ नसलेल्या बहुतेक मुलांत एकच नेमकं कारण सापडत नाही. काहींत जनुकातला बदल सापडतो. घरात दुसरं कुणी असं नसेल तर पुढच्या बाळाला होण्याची शक्यता सहसा कमी असते. तुम्ही लिहिलंय की तुमचं लग्न मामांच्या मुलाशी झालंय. आपल्या भागात हे नातं घरोघरी आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आई-बाबा दोघांत एकाच जनुकाचा एकेक बिघडलेला धागा असण्याची शक्यता अशा घरात वाढते, आणि पिट्युटरीची काही जनुकं नेमकी तशीच वागतात. म्हणून मुलाची जनुक तपासणी करून घ्या, आणि तो अहवाल घेऊन जनुकीय सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला भेटा. अहवालात काही निघो वा न निघो, पुढचं बाळंतपण जिथे ठरेल तिथल्या बालरोगतज्ज्ञांना या मुलाची फाइल आधीच दाखवून ठेवा. बाळ जन्मल्यावर पहिले तीन दिवस साखर वारंवार पाहायची, आणि त्याच आठवड्यात कॉर्टिसोल, टीएसएच आणि टी-४ तिन्ही पाठवायचं, एवढं फाइलच्या पहिल्या पानावर लिहून मागा.